सीमाभागात राहून मुलांच्या चित्रकथा काढणे: व्यवसायाची सविस्तर वाटचाल

चित्रकथेचे पान पूर्ण झाले की मी त्यातील सगळ्या संवादफुग्यांवर, म्हणजे पात्रांचे बोलणे ज्यांत लिहितात त्या फुग्यांवर, कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवतो आणि ते पान तिसरी-चौथीत शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या हातात देतो. काय घडले हे त्याला सांगता आले तर पान पुढच्या टप्प्यावर जाते, मात्र चित्रातला मामा हसत असताना "हा का रडतोय?" असे त्याने विचारले, तर ते पान पुन्हा काढावे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ही चाचणी अधिकच उपयोगी पडते, कारण येथे एकाच गल्लीतील एक मूल मराठी शाळेत, दुसरे कन्नड शाळेत आणि तिसरे इंग्रजी माध्यमात जाते, आणि संध्याकाळी ही तिघेही एकाच अंगणात खेळतात. शब्द झाकूनही जी गोष्ट कळते ती या तिघांची होते, आणि अशा गोष्टीला तीन भाषांतील प्रकाशकांची दारे उघडी असतात. म्हणून या भागात राहून मुलांसाठी चित्रे काढू इच्छिणाऱ्याने अगदी सुरुवातीपासून शब्दांवाचून चालणारे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे, असे माझे मत आहे.

या मताला घरचाच दाखला आहे. शि. द. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. खाली एकही ओळ न लिहिता हसवणारी त्यांची चित्रे मासिकांच्या मुखपृष्ठांवरून घरोघरी पोहोचली, आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी काढलेल्या चित्रांमुळे आकड्यांना घाबरणारी मुलेही ती पुस्तके आपणहून उघडू लागली. १९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्र कथेचे संस्थापक अनंत पै हेही कर्नाटकातील कारकळचे होते, आणि त्या मालिकेची कितीतरी पाने राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकारांच्या हातची आहेत. पुढे १९८० साली निघालेल्या टिंकल या मुलांच्या नियतकालिकातला शिकारी शंभू वसंत हळबे यांनी रेखाटला. त्यामुळे हा व्यवसाय आपल्याकडच्या माणसांना परका आहे, अशी समजूत करून घेण्याचे काहीच कारण नाही.

कोणते काम करायचे ते आधी ठरवावे

बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे "लहान मुलांची चित्रे" असे एकच काम वाटते. प्रत्यक्षात त्यात निदान तीन वेगळे व्यवहार आहेत. पाठ्यपुस्तक किंवा मासिकातील कथेसाठी चित्र काढताना गोष्ट दुसऱ्याची असते आणि चित्राने तिला साथ द्यायची असते. चित्रपुस्तकात मजकूर थोडा आणि चित्र मोठे असते, आणि पान उलटण्याच्या क्षणाला तेथे फार महत्त्व असते. चित्रकथेत, म्हणजे कॉमिक्समध्ये, गोष्ट चौकटींच्या क्रमातून पुढे सरकते; येथे चित्रकार हा अर्धा लेखक असतो. पहिल्या प्रकारचे काम लवकर मिळते आणि तिसऱ्या प्रकारचे सर्वांत उशिरा, म्हणून बहुतेकांची सुरुवात मासिकातील एका पानाच्या चित्राने होते. ही कमीपणाची गोष्ट नव्हे, कारण मुदत पाळणे आणि संपादकाचे ऐकून चित्र सुधारणे ही सवय त्या एका पानातच लागते.

शिक्षण, आणि ८६५ गावांची सवलत

शाळेत असताना कर्नाटकातील लोअर आणि हायर ग्रेडच्या, अथवा महाराष्ट्रातील एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा द्याव्यात. त्यामुळे कोणी चित्रकार होत नाही, पण ठरलेल्या वेळेत चित्र पुरे करण्याचा सराव होतो. बारावीनंतर उपयोजित कलेची, म्हणजे पुस्तके, जाहिराती अशा वापरासाठीच्या चित्रकलेची, पदवी घ्यायची असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान यांची तयारी तपासली जाते. आपल्याकडच्या अनेक पालकांना ठाऊक नसलेली बाब अशी की, वादग्रस्त सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळी वर्गवारी ठेवलेली आहे. आपले गाव त्या यादीत आहे की नाही हे पाहून त्यासाठी लागणारे दाखले अकरावीतच गोळा करावेत. निकाल लागल्यावर धावपळ केली की तहसील कार्यालयाच्या रांगेतच अर्जाची मुदत संपते.

घरापासून फार दूर जायचे नसेल तर कोल्हापूर, धारवाड आणि पणजी येथे कलाशिक्षणाची सोय आहे. त्यापुढे बेंगळुरूची कर्नाटक चित्रकला परिषद आणि मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय येते. पदवी नसेल तरी वाट बंद होत नाही. संपादक चित्र पाहतो, गुणपत्रिका पाहत नाही. मात्र महाविद्यालयात चार वर्षे जी शिस्त आपोआप लागते, ती घरी बसून स्वतःला लावून घ्यावी लागते आणि हे वाटते त्याहून अवघड असते.

हात तयार करणे

रोज एक तास प्रत्यक्ष पाहून रेखाटन करावे. मोबाइलवरील छायाचित्र पाहून काढलेला माणूस बहुधा कॅमेऱ्यासाठी उभा राहिलेलाच दिसतो, तर बसस्थानकावर गाडीची वाट पाहणारा माणूस कंटाळलेला दिसतो, आणि चित्रकथेला हा कंटाळाच हवा असतो. आठवडी बाजारात भाजीच्या ढिगामागे उकिडवी बसलेली बाई, खानापूरच्या पावसात इरले पांघरून भातलावणी करणारी माणसे, सायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून चढ चढणारा गवळी हा आपला खजिना आहे, आणि पुण्या-मुंबईच्या चित्रकाराला तो सहजी मिळत नाही. मूल काढताना प्रमाणाकडे विशेष लक्ष द्यावे. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकी भरते, पण मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. चित्रकथेतील मूल तर तीन ते चार डोक्यांच्या उंचीत बसवतात. मोठ्या माणसाचे शरीर केवळ लहान आकारात काढले, तर ते मूल न दिसता बुटका गृहस्थ दिसतो.

एक पान कसे घडते

समजा, गोष्ट अशी आहे की, येळ्ळूरच्या शिवारात भाताची कापणी चालली आहे, चिंगी आजोबांसाठी भाकरीचे गाठोडे घेऊन निघते, आणि वाटेत शेळी ते गाठोडे खाऊन टाकते. ही एका पानाची गोष्ट आहे. लहान मुलांसाठी एका पानावर चार ते सहा चौकटी पुरतात. आठ-नऊ केल्या की नजर वाट चुकते. प्रथम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर कच्चा आराखडा करावा आणि त्यात चेहरे न काढता फक्त कोण कुठे उभे आहे, नजर कुठून कुठे जाते आणि फुगा कुठे येणार एवढेच ठरवावे. असे निदान तीन आराखडे केल्याशिवाय मोठा कागद काढू नये.

या गोष्टीचा माझा पहिला आराखडा सहा चौकटींचा होता: आई गाठोडे देते, चिंगी बांधावरून चालते, फुलपाखरू पाहून थांबते, शेळी मागून येते, आजोबा हात पुढे करतात, गाठोडे रिकामे निघते. चिठ्ठ्या चिकटवून पान दाखवल्यावर मुलगा म्हणाला, "आईनं भाकरी द्यायची विसरली." चूक चौथ्या चौकटीत होती. शेळी नुसती मागे उभी होती, त्यामुळे ती शिवारातल्या झाडाझुडपांइतकीच निरुपद्रवी वाटत होती. मग मी तीन बदल केले: चौथ्या चौकटीत गाठोड्याच्या फडक्याचे एक टोक शेळीच्या तोंडात दाखवले, पाचवीत आजोबांच्या मागे तीच शेळी आणि तिच्या हनुवटीला चिकटलेला भाकरीचा तुकडा काढला, आणि चिंगीची नजर दोन्ही चौकटींत शेळीच्या विरुद्ध दिशेला वळवली. वाचणाऱ्या मुलाला जे दिसते ते चिंगीला दिसत नाही, आणि मूल हसते ते या फरकापायीच. संवाद एकही वाढवावा लागला नाही.

आराखडा पक्का झाला की पात्रपत्र तयार करावे, म्हणजे चिंगी समोरून, बाजूने, मागून आणि पाऊण वळलेली कशी दिसते आणि हसताना, रुसताना, घाबरताना तिचा चेहरा कसा होतो हे एका कागदावर काढून भिंतीला लावावे. हे न केल्यास सहाव्या पानावर तिच्या वेण्या आखूड होतात आणि मुलांच्या नजरेतून तेवढेही सुटत नाही. त्यानंतर छपाईच्या आकारापेक्षा सव्वा ते दीडपट मोठ्या कागदावर पेन्सिलीने काम करावे, कारण चित्र लहान करून छापले की रेषेतील थरथर झाकली जाते. दर चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या वर वजन भरणारा गुळगुळीत कागद, पाण्याने न फुटणारी काळी शाई, एक लवचीक निब आणि दोन किंवा तीन क्रमांकाचा ब्रश एवढ्या सामग्रीवर वर्षभर काम चालते. महागडा टॅबलेट पहिल्याच दिवशी घेऊ नये. संगणकावर काम करायचेच असेल तर क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे समर्थ आहे, आणि पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट शिकण्यासाठी पुरतो.

छपाईबाबत तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. काळ्या रेषेचे चित्र ६०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) आणि रंगीत चित्र निदान ३०० डीपीआयवर स्कॅन करावे. कडेपर्यंत जाणारे चित्र चारही बाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर वाढवून ठेवावे, नाहीतर कापणीत पांढरी पट्टी राहते. आणि पडद्यावर झळाळणारा हिरवा किंवा निळा छपाईच्या चार शाईंत तसा उतरत नाही, म्हणून फाइल पाठवण्यापूर्वी सीएमवायके, म्हणजे त्याच चार शाईंच्या, रंगांत पाहून घ्यावी.

दोन लिपींसाठी जागा

सीमाभागातील चित्रकाराने इतरांपेक्षा जास्त काळजी घ्यावी अशी बाब संवादफुग्यांची आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार येतात; कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग, म्हणजे ओत्तक्षर, मूळ अक्षराच्या खाली बसतो. दोन्ही लिपींना ओळींमध्ये मोकळी जागा लागते आणि भाषांतरात वाक्याची लांबी कमीजास्त होते. म्हणून मराठी मजकूर फुग्यात गच्च बसवू नये. चौथा हिस्सा जागा रिकामी राहील असा फुगा काढावा आणि एका फुग्यात पंधराच्या वर शब्द घालू नयेत. अक्षरे चित्रावर न लिहिता वेगळ्या थरात आणि फक्त काळ्या रंगात ठेवावीत. असे केल्यास प्रकाशकाला दुसऱ्या भाषेच्या आवृत्तीसाठी काळ्याचीच प्लेट (प्रत्येक शाईचा छपाईसाठी वेगळा पत्रा असतो तो) बदलावी लागते, रंगांच्या तीन प्लेटा तशाच राहतात, आणि त्यामुळे दुसरी आवृत्ती निघण्याची शक्यता वाढते.

हा धडा मी पैसे मोजून शिकलो. बाजारावरच्या एका चौदा पानी गोष्टीत मी प्रत्येक दुकानावर मोठ्या हौसेने मराठी पाटी रंगवली होती. पुस्तक कन्नडमध्ये काढायचे ठरल्यावर प्रकाशकाने पाट्या बदलून मागितल्या, आणि त्या रंगातच मिसळलेल्या असल्यामुळे अकरा पानांवर पुन्हा ब्रश चालवावा लागला. त्या श्रमांचे मानधन अर्थातच मिळाले नाही. आता मी चहाच्या दुकानावर किटली, शिंप्याच्या दुकानावर कात्री आणि न्हाव्याच्या दुकानावर कंगवा काढतो.

नमुने कोठे आणि केव्हा पाठवावेत

नमुनासंग्रहात दहा-बारा पानेच असावीत आणि त्यांत सुटी सुंदर चित्रे कमी, सलग पाने जास्त असावीत. देवदेवतांची, नटनट्यांची आणि दुसऱ्यांच्या पात्रांची चित्रे त्यात घालू नयेत. एक पूर्ण चार पानी चित्रकथा, एकाच पात्राचे पात्रपत्र, गर्दीचे एक दृश्य, प्राण्यांचे एक पान आणि मजकुराला धरून काढलेली दोन-तीन चित्रे एवढ्यावर संपादकाला काम देता येते. हे सगळे एका हलक्या पीडीएफ फाइलमध्ये बसवून पाच-सहा ओळींच्या पत्रासह पाठवावे.

मराठीत बालभारतीचे किशोर मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. ते चाळले की पन्नास वर्षांतील चित्रशैलींचा अभ्यास घरबसल्या होतो. ज्योत्स्ना प्रकाशनाने मुलांच्या चित्रपुस्तकांचे काम सातत्याने केले आहे. बेंगळुरूची प्रथम बुक्स आणि चेन्नईची तूलिका या संस्था मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मुलांची पुस्तके काढतात, आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या चित्रकाराने हे आपल्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहावे. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या खुल्या मंचावरील चित्रे खुल्या परवान्याखाली असतात, म्हणजे श्रेय देऊन ती कोणीही, व्यवसायासाठीसुद्धा, वापरू शकतो. नाव होण्यासाठी हा मार्ग उत्तम आहे, परंतु ज्या पात्रावर तुम्हाला पुढे मालिका उभी करायची आहे ते पात्र तेथे ठेवू नये.

दिवाळी अंकांसाठी नमुने मे-जूनमध्येच पाठवावेत. गणपती बसल्यावर आलेल्या चित्राला जागा उरलेली नसते. स्थानिक दैनिकांच्या बालपुरवण्यांत मानधन थोडे मिळते, पण दर आठवड्याला छापून येण्याची शिस्त अन्यत्र मिळत नाही. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे भरणाऱ्या साहित्य संमेलनांत पुस्तकांच्या दालनाजवळ एक टेबल मांडून मुलांसमोर चित्रे काढावीत. तेथे विक्री किती होते हे दुय्यम आहे. शाळांचे शिक्षक तेथेच भेटतात, आणि कार्यशाळांची आमंत्रणे त्यांच्याकडून येतात. सुरुवातीच्या तीन-चार वर्षांत घर चालवायला या कार्यशाळांचा हातभार मोठा असतो.

मानधन, करार आणि कर

"तुमचे काय घ्याल ते सांगा" या प्रश्नासमोर नवोदित चित्रकार गप्प राहतो आणि समोरच्याने सांगितलेला आकडा मान्य करतो. त्यापेक्षा हिशेब घरीच करून ठेवावा. समजा, महिन्याचा खर्च आणि थोडी शिल्लक मिळून ३०,००० रुपये लागतात आणि पत्रव्यवहार, प्रवास वगळता प्रत्यक्ष चित्रकामासाठी महिन्यात १२० तास मिळतात, तर एका तासाचे मोल २५० रुपये झाले. रंगीत चित्रकथेच्या एका पानाला आराखड्यापासून अक्षरांपर्यंत बारा तास लागत असतील, तर ३,००० रुपयांच्या खाली ते पान तोट्यात जाते. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा निघेल. महत्त्व आहे ते तास मोजण्याला. सुधारणा किती वेळा विनामूल्य करून देणार हेही आधीच सांगावे. पेन्सिलीच्या टप्प्यावर दोनदा आणि रंगानंतर एकदा, हे माझे प्रमाण आहे.

करार लेखीच असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला हक्कदार सामान्यतः तिचा निर्माता असतो, परंतु नोकरीत असताना केलेले काम मालकाचे ठरू शकते, आणि मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या रंगचित्राबाबत वेगळा करार नसेल तर हक्क काम सांगणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून "हक्क चित्रकाराकडे राहतील, प्रकाशकास अमुक भाषेतील छापील आवृत्तीसाठी अमुक वर्षे वापराची परवानगी आहे" असे वाक्य करारात असलेच पाहिजे. हक्क देऊन टाकायचेच असतील तर तेही लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. त्या लेखात मुदत नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कन्नड आवृत्ती, ई-पुस्तक, अॅनिमेशन आणि वह्या-दप्तरांवर पात्र छापणे यांचा उल्लेख प्रत्येकी वेगळा असावा. आपल्याकडे ओळखीतून काम येते आणि ओळखीत कागद मागायचा संकोच वाटतो, अशा वेळी ठरलेल्या गोष्टी ई-मेलने लिहून "हे बरोबर आहे ना?" एवढे विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.

मानधनातून प्रकाशक दहा टक्के कर कापून घेत असेल तर तो पैसा बुडत नाही. विवरणपत्र भरले की हिशेबात धरला जातो, म्हणून पॅन आणि बिले नीट ठेवावीत. बेळगावात बसून पुण्याच्या प्रकाशकाला बिल देणे हा कायद्याने दोन राज्यांतील व्यवहार ठरतो, आणि त्यासाठी लगेच जीएसटी नोंदणी लागते असे सांगून काही जण घाबरवतात. सेवांच्या बाबतीत वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत तशी गरज नसते.

मूळ चित्रे

छापून झाल्यावर मूळ चित्रे परत मिळतील, हे वाक्यही करारात घालावे, कारण पुढे प्रदर्शन, विक्री किंवा दुसऱ्या आवृत्तीसाठी तीच उपयोगी पडतात. परत आलेली चित्रे मात्र पावसाळ्यापासून सांभाळावी लागतात. खानापूर तालुक्यातील जांबोटीकडच्या घरांत जुलैमध्ये भिंतींना ओल येते, कागदाला लाट चढते आणि जलरंगांवर बुरशीचे करडे ठिपके उमटतात. चित्रे भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच फळीवर, सपाट ठेवावीत. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घट्ट बांधून ठेवू नयेत, आणि श्रावणात उघडीप मिळाली की दारे-खिडक्या उघडून, पण उन्हात न मांडता, एकेक कागद हवेवर धरावा.